दिवाळीची मुदत

कुंदा,

तुझ्याविरुद्ध मी केलेली तक्रार तुझ्या साप्ताहिकाच्या कपाटात अजून असेल. तीन पाने, सात कलमांचे आधार, आणि माहितीसाठी प्रती आणखी चार ठिकाणी. आपली ओळख त्या तक्रारीने झाली, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, बातमीदारीत वर्षे किती काढलीस, हे सारे मागच्या अंकात छापून आले आहे. त्यातल्या दोन चुका मी संपादकांना पत्राने कळवल्या आहेत. तो विषय तिथे संपला. इथे मला तुझ्याशी बोलायचे आहे. हयातीत मी तुला कायम ‘आपण’ म्हणत आलो. आज ‘तू’ म्हणतो. तुझी हरकत असती तर तू ती तोंडावर घेतली असतीस, हे मला ठाऊक आहे.

२०१४ सालचा पावसाळा सरत आला होता. पालघर हा नवा जिल्हा नुकताच झाला होता आणि डहाणूच्या न्यायालयातली कारकुनी संपवून मी मसोलीच्या घरात पत्रे लिहीत बसलो होतो. पाणी, रस्ता, रेशनचे कार्ड, कोणाची थकलेली पेन्शन, असे काहीही. तुझ्या अंकात पहिल्या पानावर एका बाईचे छायाचित्र आले. खाली तिच्या दोन मुलांचे छायाचित्र, जत्रेत काढलेले: चार वर्षांची मुलगी आणि तिच्या मांडीवर काही महिन्यांचा भाऊ. बातमीत मुलांची नावे, गाव, पाडा, सगळे. तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरातल्या एका बाईने तेरा वर्षांपूर्वी आपली दोन मुले एका संस्थेला दिली, आता ती त्यांना शोधते आहे, कोणी पाहिली असल्यास कळवावे, असा मजकूर. जणू हरवलेली छत्री!

माझा संताप अनावर झाला. दत्तक गेलेल्या मुलांची ओळख छापणे हा गुन्हा आहे. ती मुले कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी आडनावाने, शाळेत जात असतील. एखाद्या वर्गमित्राच्या हाती हा अंक पडला तर? मी तसे लिहिले. रात्रभर थांबलो नाही, त्याच दुपारी रजिस्टर केले.

चौथ्या दिवशी तू फाटकाशी उभी होतीस. एका हातात माझे पत्र, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली.

“हे पत्र तुमचंच ना?”

“खाली सही आहे. वाचता येत नाही का?”

“सही वाचली. मी बाईचं नाव शोधत होते. तीन पानं आहेत, कलमं सात आहेत, बाई कुठेच नाही.”

“नाव लिहू नये, हाच तर मुद्दा आहे!”

“बरं. मग नाव न लिहिता भेटा तिला. चला.”

मी म्हणालो, दुसरे हेल्मेट असल्याखेरीज मी दुचाकीवर बसत नाही. तू निघून गेलीस. मला वाटले, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू भावाचे हेल्मेट घेऊन आलीस. त्याच्यावर क्रिकेटच्या चेंडूचे भले मोठे चित्र होते. “काका, घाला. शोभतंय.” सत्तरीच्या उंबरठ्यावरचा, न्यायालयात आयुष्य काढलेला माणूस मी, कपाळावर तांबडा चेंडू घेऊन तलासरीच्या बाजारातून गेलो. तिथे तुझा गुजराती दैनिकातला मित्र हेमंतभाई भेटला. तो आधी पोट धरून हसला आणि मग आपली मोटारसायकल घेऊन आपल्या मागे निघाला. छायाचित्रातल्या त्या बाईची, लखमीची, बातमी तुम्हा दोघांना एकाच वेळी मिळाली होती. तू ती मराठीत छापलीस, त्याने गुजरातीत. तक्रार मात्र मी एकट्या तुझ्याविरुद्ध केली, कारण मला गुजराती लिहिता येत नाही. हे मी तुला कधी सांगितले नव्हते.

लखमी हे तिचे खरे नाव नाही. पाडाही सांगणार नाही.

तिचा नवरा ताडावरून पडून गेला, तेव्हा मुलगी चार वर्षांची आणि मुलगा अंगावरचा. ती नरपडला चिकूच्या वाडीत कामाला येई. तिथे संस्थेची एक बाई आली आणि मुलांना ठेवून घेते म्हणाली. जूनमध्ये लखमीने दोघांना नेऊन पोहोचवले, कागदावर अंगठा दिला. एवढी हकीकत मी त्या दिवशी तिच्याकडून काढली. ‘काढली’ हा शब्द मी जाणून वापरतो. तिच्या अंगणात मला पाट दिला होता. मी त्यावर बसलो, मांडीवर पॅड घेतले आणि रीतसर जबाब घेतला. अंगठा तुझाच का? हो. कोणी मारले, धमकावले, दारू पाजली? नाही. मुले तू स्वतः नेऊन दिलीस? हो. खुशीने? ती जरा थांबली. मग म्हणाली, हो. मी लिहिले, ‘स्वखुशीने दिली’. वाचून दाखवले. ती ‘हो साहेब’ म्हणाली. मी म्हणालो, मी साहेब नाही. ती पुन्हा म्हणाली, हो साहेब.

तू त्या वेळी माझ्यामागे उभी होतीस. परतताना घाटात गाडी थांबवलीस आणि विचारलेस, “काका, तुम्ही नेहमी असंच विचारता? जिथं उत्तर हो नाहीतर नाहीच येणार?”

“जबाब असाच घेतात.”

“आरोपीचा?”

मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. हेल्मेटमुळे ऐकू आले नाही, असे दाखवले.

तो जबाब मी अर्जाला जोडला. माझे म्हणणे साधे होते: मुलांचा पत्ता मागू नये, पण मुले सुखरूप आहेत एवढे तरी आईला कळवावे. नवा जिल्हा, जुना जिल्हा, एक टेबल, दुसरे टेबल, अशी भ्रमंती करून अर्जाला उत्तर यायला वर्ष लागले. उत्तर चार ओळींचे होते. ‘अर्जासोबतच्या जबाबात अर्जदार मातेने अपत्ये स्वखुशीने दिल्याचे मान्य केले आहे. फेरविचाराची मुदत संपली आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

माझेच वाक्य, कुंदा. माझ्या अक्षरातले. त्यांनी ते अवतरणचिन्हात घातले होते.

त्या दिवशी मी तुझ्यासमोर बराच आरडाओरडा केला. कारकून मूर्ख आहेत, संवेदना मेल्या आहेत, अपील करू, वर जाऊ. तू ओट्यावर बसून उत्तर दोनदा वाचलेस, घडी घातलीस आणि म्हणालीस, “काका, परत जाऊ तिच्याकडे. या वेळी पॅड नको.”

आपण गेलो तेव्हा लखमी सुपात नागली पाखडत होती. तू तिच्यासमोर बसलीस आणि दुसरे सूप ओढलेस. तुला पाखडता येत नव्हते. निम्मी नागली जमिनीवर. लखमी हसली. तेरा-चौदा वर्षांच्या दुःखाची ती बाई, तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

“बाय, तू शहराची. ठेव ते खाली.”

“नरपडची आहे गं मी. मासे साफ करायला सांग, मग बघ.”

अर्धा तास तुम्ही मासळीबद्दल बोललात. मी घड्याळ पाहत होतो. मग तू मान वर न करता विचारलेस, “पोरीला तिथं सोडलंस, तेव्हा तिला काय सांगितलंस?”

लखमीचे सूप थांबले. तिच्या बोलीतले शब्द मी माझ्या मराठीत उतरवतो. उणेअधिक असेल ते माझे. ती म्हणाली, “काय सांगणार? सगळ्याच सांगतात ते. दिवाळीला न्यायला येते. नवी चवळी असेल, काकडीची भाकर पानात उकडून ठेवते. भावाला सांभाळ, मास्तर सांगेल ते ऐक.”

“मास्तर?”

“शाळेत मास्तर नसतो का?”

मी त्या क्षणी जे ऐकले ते ऐकायला मला एक वर्ष लागले होते. आपल्या भागात पाड्यापाड्यांवरची मुले जूनमध्ये आश्रमशाळेत जातात. आईबाप त्यांना पोहोचवतात, कागदावर अंगठा देतात, आणि दिवाळी, शिमगा, मे महिना अशा सुट्ट्यांना घरी आणतात. लखमीचा भाऊ असाच शिकला, शेजारच्या चारही घरांतली मुले अशीच राहत होती. तिला वाटले, ही त्यातलीच एक शाळा. जरा दूरची, पण तान्ह्यालाही घेणारी. तिने मुले दिली नव्हती. शाळेत घातली होती.

“मग दिवाळीला गेलीस?” तू विचारलेस.

“गेले की. पोरीला फ्रॉक नेला होता, जरा मोठा बघून. तिथं वॉचमन बोलला, पोरं गेली. मी बोलले कुठं? तर बोलला चांगल्या घरी. मला वाटलं दुसऱ्या शाळेत घातली. शिमग्याला परत गेले. मे महिन्यात गेले. मग तो बोलला, बाई, येऊ नको.”

कायदा आईला फेरविचारासाठी दोन महिने देतो. जूनमध्ये अंगठा उमटला, तेव्हा कायद्याचे दोन महिने श्रावणातच संपले. लखमीची मुदत दिवाळीची होती, आणि तिने ती एक दिवसही चुकवली नव्हती.

मी उठून अंगणाच्या कडेला गेलो. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. त्याबद्दल पहिले आभार.

त्यानंतर मात्र मी माझे काम नीट केले, असे म्हणायला तू हरकत घेणार नाहीस. ज्या कागदावर लखमीचा अंगठा होता त्याची प्रत मागण्याचा तिचा हक्क कोणी नाकारू शकत नव्हते. संस्था केव्हाच बंद पडली होती, तिचे दप्तर दुसऱ्या संस्थेकडे गेले होते. अकरा पत्रांनंतर प्रत आली. कागद इंग्रजीत टंकलेला. तळाशी छापील वाक्य: मजकूर लिहून देणारीस समजेल अशा भाषेत वाचून दाखवला आहे. ते वाक्यसुद्धा इंग्रजीतच! साक्षीदार दोन, एक संस्थेचा ड्रायव्हर आणि दुसरी स्वयंपाकीण. मी ते तुला फोनवर वाचून दाखवत होतो आणि माझा आवाज इतका चढला की शेजारचे फाटकात येऊन उभे राहिले. तू पलीकडून म्हणालीस, “काका, पाणी प्या. मग पत्र लिहा. उलटं करू नका.”

तू दुसरी बातमी लिहिलीस ती याच सुमारास. या वेळी एकही नाव नव्हते, छायाचित्र नव्हते, पाडा नव्हता. फक्त एक आई, एक जून महिना आणि एक दिवाळी. त्यात एक वाक्य होते: ‘पहिल्या जबाबाच्या वेळी तिला जे विचारायला हवे होते ते विचारले गेले नाही.’ मी अंक घेऊन तडक तुझ्या कचेरीत आलो.

“विचारले गेले नाही म्हणजे काय? कोणी विचारले नाही? लिहा ना! माझे नाव घालायला भ्यालात?”

तू मुद्रिते तपासत होतीस. पेन खाली ठेवले नाहीस. “काका, बातमी बाईची आहे. तुमची नाही.”

मी पायऱ्या उतरून गेलो. तो अपमान समजून मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी उमगले की तू मला वाचवलेस आणि वर मला उपकार मानायची संधीही ठेवली नाहीस. म्हणून आज ते वाक्य मी पुरे करतो. पहिला जबाब मी घेतला. ‘स्वखुशीने’ हा शब्द माझा. त्या शब्दामुळे एका आईचे एक वर्ष फुकट गेले. तुझ्या वाचकांना हे कळायला हवे होते. तुझ्या हयातीत मी ते कबूल केले नाही, ही माझी भीती होती. चूक तुझी नव्हती.

मुलगी एव्हाना सज्ञान झाली होती. तिला स्वतःच्या मुळांचा शोध घ्यायचा हक्क आहे, आईला नाही. आईला फक्त एक दार आहे: ज्या संस्थेकडे दप्तर आहे तिच्यामार्फत पत्र ठेवणे. मुलगी हो म्हणाली तर ते तिला मिळते, नाही म्हणाली तर विषय संपतो. हे अन्यायाचे आहे, असे तू म्हणायचीस. मी म्हणायचो, ज्या मुलीला कोणी काही विचारले नव्हते, तिला निदान आता विचारले जावे. यावर आपण किती वाद घातले! माझ्या ओट्यावर, तुझ्या कचेरीत, तलासरीच्या हॉटेलात. हेमंतभाई चहा ढवळत म्हणायचा, “काका, कागळ नहीं, माणस शोधो.” म्हणजे कागद नको, माणूस शोधा. आणि तू म्हणायचीस, “ऐका. गुजरातीत तरी ऐका.”

२०१७ मध्ये पहिले पत्र गेले. मी मसुदा केला होता, निर्दोष होता. पुढच्या वर्षी उत्तर आले: ‘सदर व्यक्ती संपर्कास इच्छुक नाही.’

आणि त्याच आठवड्यात हेमंतभाईने मुलीचे शहर शोधून काढले. कसे, ते मी विचारले नाही. विचारले असते तर कारवाई करावी लागली असती. तू माझ्याकडे आलीस ती पिशवी भरूनच.

“जाऊन येते. बोलणार नाही. लांबून बघते फक्त. लखमीला सांगेन, धडधाकट आहे, हसते. बस, एवढंच.”

“नाही.”

“काका, ती बाई रोज विचारते.”

“मुलीने नाही म्हटले आहे. लेखी म्हटले आहे. तुम्ही गेलात तर मी स्वतः तक्रार करीन, आणि या वेळी ती मागे घेणार नाही.”

“मागची तरी कुठं घेतलीत?” तू म्हणालीस. पण हसली नाहीस.

मग तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. म्हणालीस, “तुम्हाला पोरगी दिसते ती कायद्यातली. आई दिसते ती जबाबातली. मला दोघी भुकेल्या दिसतात.” मी म्हणालो, भूक लागली म्हणून दार फोडता येत नाही. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. दोन महिने आपण बोललो नाही. त्या दोन महिन्यांत मी रोज गृहीत धरत होतो की तू गेली असशील. शेवटी हेमंतभाईने सांगितले: तू स्टेशनपर्यंत गेली होतीस, तिकीटही काढले होतेस, आणि बाकावर बसून गाडी जाऊ दिलीस.

का, ते तू मला कधी सांगितले नाहीस.

त्यानंतर तू जे आणलेस ते एक पान होते. पत्र म्हणायलाही मी तयार नव्हतो. ना विनंती, ना भेटीची मागणी. लखमीने त्या दिवशी सूप थांबवून जे सांगितले ते, तिच्या शब्दांत: चवळी, काकडी, मोठ्या मापाचा फ्रॉक, वॉचमन, शिमगा, मे महिना. सोबत इंग्रजी कागदाची प्रत. मी म्हणालो, कायदेशीरदृष्ट्या यात काहीही मागितलेले नाही. तू म्हणालीस, “म्हणूनच पाठवा.” मी पाठवले. संस्था तीच, पत्ता तोच, वाचायचे की नाही ते मुलीवर सोडलेले; शेवटची ओळ मात्र तू मला घालू दिली नाहीस. मला लिहायचे होते, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’.

उत्तर त्याच वर्षाच्या अखेरीस आले. मुलीने स्वतः लिहिलेले, आणि तिच्या परवानगीने इथे दोनच वाक्ये देतो: ‘लहानपणी मी संध्याकाळी दाराशी जाऊन बसायचे आणि कोणाची वाट पाहते ते मला सांगता यायचे नाही, असे माझी आई सांगते. ते आज मला कळले.’

तुला फोन केला तेव्हा माझ्याच्याने वाचवेना. मी एवढेच म्हणालो, आलेय, या. तू नरपडहून दहा मिनिटांत आलीस. तो रस्ता दहा मिनिटांचा नाही. वेगमर्यादा मोडल्याखेरीज शक्य नाही. त्या दिवशी मी ते बोललो नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत ती आली. त्या थंडीत आपल्याकडची जमीन हलत होती. तलासरी-डहाणूच्या पूर्वेकडे दर दोनचार दिवसांनी धक्के, भिंतींना तडे, माणसे घराबाहेर. लखमीच्याही अंगणात ताडपत्री बांधलेली. मुलगी तिला वाढवणाऱ्या आईला बरोबर घेऊन आली होती. ती बाई लखमीपेक्षा जास्त घाबरलेली. तू तिला हात धरून पाटावर बसवलेस आणि माझ्याकडे पाहून डोळे वटारलेस, म्हणजे आता एक शब्द नाही.

तासभर दोघी समोरासमोर बसल्या. मुलीला लखमीची बोली येत नाही, लखमीला मुलीची मराठी अवघड जाते. हेमंतभाई आणि तू मध्ये बसून इकडचे तिकडे करीत होतात. काय शिकतेस, जेवतेस का, पाय का असे बारीक. कोणी कोणाला शिवले नाही. मग धक्का आला. भांडी वाजली, कोंबड्या उडाल्या. लखमी उठली, तिने मुलीचा दंड धरला आणि तिला ओढत अंगणाच्या टोकाला नेले, चार वर्षांच्या पोराला ओढतात तशी. आपण आधीच उघड्यावर होतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जमीन थांबली. लखमीने हात सोडला नाही. मुलगी म्हणाली, “सोडू नका.” त्याचे तू भाषांतर केले नाहीस.

मुलीने जाताना तुम्हा दोघा बातमीदारांना विनंती केली: हे छापू नका. पाच वर्षांची बातमी, तुझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी. तू वही बंद केलीस. मी बघत होतो. हेमंतभाई म्हणाला, “नहीं छापवानुं.” विषय संपला. परतीच्या वाटेवर मी तुला विचारले, “मी तेव्हा अडवले, ते बरोबर होते ना? मुलगी स्वतःच म्हणाली, दाराशी कोणी आले असते तर तिने कायमचे बंद केले असते.”

“अर्धं बरोबर होतात,” तू म्हणालीस.

“आणि उरलेले अर्धे?”

“सांगते कधीतरी.”

तो निकाल तू राखून ठेवलास आणि पावसाळ्यात निघून गेलीस. आजाराचे तू कोणालाच सांगितले नव्हतेस. मला यावर दाद मागायला जागा नाही, आणि ज्याला दाद मागता येत नाही अशा गोष्टीवर मी इतका कमी चिडलो आहे, याचे मलाच आश्चर्य वाटते. रागाच्या जागी शोधायला गेलो की तुझे आभारच हाती लागतात. हो नाहीतर नाही यांच्या पलीकडचा प्रश्न तू मला ऐकवलास. सत्तरीत माणूस नवा प्रश्न शिकत नाही. मला तो मिळाला.

हा लेख छापायला मुलीने आणि लखमीने परवानगी दिली आहे. दोन्ही लेखी आहेत. लखमीचे पत्र तिला समजेल अशा भाषेत आहे.

आणि आता मुलाविषयी. तो दुसऱ्या घरी गेला, दुसऱ्या शहरात. भावंडांना वेगळे केले, त्याबद्दलची माझी पत्रे अजून चालू आहेत आणि चालू राहतील. या वर्षी त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. म्हणून तुला जाऊन बारा दिवस होताच मी लखमीकडे गेलो, एकटा, तलासरीहून जीपने. तू गेल्याचे तिला कळले होते. तिने तुझ्याबद्दल काही विचारले नाही. नुसते दोन पाट मांडले, आणि एकावर मी बसल्यावर दुसरा तसाच राहू दिला.

मी कागद काढला. सवयीने वर पत्ता, विषय, संदर्भ लिहायला लागलो, आणि थांबलो. पेन हातात धरून गप्प बसलो. फार वेळ गेला. मी काहीही विचारले नाही, कुंदा. मग ती आपणहून बोलू लागली आणि मी लिहीत गेलो:

“मी तुला सोडलं तेव्हा तू झोपला होतास. मी उठवला नाही. उठवला असता तर सोडताच आला नसता. तुला काही सांगायचं राहिलं. तू जागा झाल्यावर रडलास का, ते इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही. आता तुझ्या ताईनं सांगितलं. ती बोलते, रडला नाही, माझ्या मांडीवर होता. ते ऐकलं त्या रात्री मला झोप लागली. तू मोठा झालास. यायचं तर ये. नाही आलास तर तुझ्या घरच्यांना सांग, त्याला अंगावर पाजताना उजवीकडून घ्यायचा, डावीकडं वळायचा नाही. आता त्याचं काही काम नाही. पण मला माहीत आहे, म्हणून सांगते.”

मी विचारले, आणखी? ती म्हणाली, नाही.

एक अक्षरही दुरुस्त केले नाही. पत्र काल पोस्टात टाकले आहे.